चेसिसला कटर लावण्याआधी

नगर जिल्ह्यात ज्यांच्या दारात जुनी जिप्सी, पेट्रोलची जीप किंवा लष्कराच्या लिलावातून आणलेली जोंगा उभी आहे आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण पाट्यांवर एमएच-१६ आणि एमएच-१७ तेच आहे, आणि त्या पाट्यांमागच्या काही गाड्यांत आरसी बुकात लिहिलेलं इंजिन नाही हे आपल्या गॅरेजवाल्यांना चांगलं ठाऊक आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. तुमच्यातल्या बहुतेकांनी हे काम करू नये. ज्यांना करायचंच आहे त्यांनी आरटीओची लेखी परवानगी हातात पडेपर्यंत गाडीचा एक बोल्टही ढिला करू नये. आणि ज्यांनी करून टाकलं आहे त्यांनी सगळ्यात आधी आपल्या गाडीचा ब्रेक तपासावा. तो कसा तपासायचा ते खाली सांगितलं आहे.

डिझेलची ओढ खोटी नाही. रतनवाडीहून घाटघरकडे जाताना, पावसाळ्यात शेवगाव-पाथर्डीच्या काळ्या रानात, ऊसतोडीच्या दिवसात राहुरी-नेवाशाच्या चाकोऱ्यांमधून ज्यानं पेट्रोलची गाडी काढली आहे, त्याला कळतं की पेट्रोल इंजिनाला जोर यायला फेरे लागतात. फेरे वाढवले की चाक जागेवर गरगरतं आणि गाडी आणखी खाली बसते. जिप्सीचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तेही मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर. स्विफ्टमध्ये पूर्वी येणारं १.३ लिटरचं डिझेल १९० न्यूटन-मीटर देतं, २००० फेऱ्यांवर. आकार तेवढाच, ओढ दुपटीच्या जवळ आणि फेरे निम्म्याहून कमी. मारुतीनं आपल्या देशात डिझेलची जिप्सी कधीच विकली नाही. त्यामुळे अपघातात गेलेल्या स्विफ्टचं इंजिन जिप्सीत घालायचा विचार एखाद्या पोराच्या डोक्यात आला तर त्याला वेडा म्हणता येणार नाही.

हा विचार नवाही नाही. महिंद्रानं परवान्यावर बांधलेल्या विलीज जीपमध्ये पेट्रोलचं हरिकेन इंजिन होतं. ताकदीला चांगलं, पण तेल पिणारं. पुढे कंपनीनं आपल्याच ट्रॅक्टरचं, म्हणजे इंटरनॅशनलचं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं. १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, आणि हेच इंजिन घेऊन १९८५च्या सुमारास एमएम-५४० रस्त्यावर आली. आपल्या अकोले तालुक्याच्या हद्दीपलीकडे, इगतपुरीला, महिंद्राचा इंजिनांचा कारखाना उभा राहिला. म्हणजे पेट्रोलच्या जीपला डिझेल करण्याचं काम खुद्द कंपनीनंच आधी केलं. फरक एवढाच की कंपनीनं ते नकाशावर काढलं, चाचणीच्या रस्त्यावर मोडेपर्यंत पळवलं आणि सरकारी मंजुरी मिळाल्यावर विकलं.

इंजिन बदलणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला नगरकरांना लांब जावं लागत नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं फेब्रुवारी १९९४मध्ये उघडलेलं रणगाड्यांचं संग्रहालय आपल्या गावात आहे. शाळेच्या सहलीत सगळेच जाऊन आलेले असतात. या नजरेनं पुन्हा एकदा जा आणि सेंच्युरियन आणि पॅटन या दोन रणगाड्यांपुढे उभे राहा. सेंच्युरियनमध्ये रोल्स-रॉइसचं मिटिअर नावाचं ६५० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं, विमानाच्या मर्लिन इंजिनातून काढलेलं. पॅटन एम-४८सुद्धा मुळात पेट्रोलवरच चालायचा, आणि पहिल्या नमुन्यात एका भरतीवर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर जायचा. शिवाय पेट्रोल चटकन पेटतं. म्हणून अमेरिकेनं पॅटनला डिझेल इंजिन दिलं, आणि इस्रायलनं आपल्या सेंच्युरियनचं मिटिअर काढून ७५० अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल डिझेल बसवलं. तो रणगाडा १९७०पासून त्यांच्या सैन्यात आला.

आता त्यांनी आणखी काय काय बदललं ते पाहा. सेंच्युरियनचा जुना ब्रिटिश गिअरबॉक्स त्या इंजिनाला चालला नाही, म्हणून तोही काढून अमेरिकी अॅलिसन गिअरबॉक्स घातला. इंजिन मावेना म्हणून रणगाड्याचा मागचा भाग नव्यानं बांधला. तेलाची टाकी वाढवली. ब्रेक सुधारले. वायरिंग बदललं. पन्नास टन लोखंड, मागे एका देशाच्या संरक्षण खात्याचा पैसा, आणि तरीही त्यांना इंजिन एकटं बदलता आलं नाही. आपण मात्र लेथवर एक अॅडॉप्टर प्लेट फिरवून घेतो, चार माउंटिंग वेल्ड करतो आणि म्हणतो, झालं काम.

मी ज्या प्रसंगामुळे या विषयावर बोलायला लागलो तो ब्रेकचाच आहे. माझ्या एका मित्रानं जिप्सीत एका जुन्या डिझेल गाडीचं इंजिन बसवून घेतलं. काम नीटस दिसत होतं. इंजिनाबरोबर आलेला अल्टरनेटर जळका निघाला, म्हणून मिस्त्रीनं बाजारातून दुसरा आणून बसवला. चार्जिंग व्यवस्थित सुरू झालं. मित्र गावात दोन आठवडे गाडी चालवत होता. ब्रेकचं पेडल कडक लागतं, असं तो एकदा म्हणाला होता. लायनर नवे आहेत, बसतील, असं त्याला सांगण्यात आलं. मग एका रविवारी आम्ही चौघं करंजी घाट उतरत होतो. वळणावर पुढे उसाची रिकामी ट्रॉली होती. त्यानं ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं. तो दोन्ही पाय घालून, सीटला पाठ लावून उभाच राहिला, तरी गाडी थांबेना. शेवटी त्यानं डोंगराच्या बाजूच्या गटारीत गाडी घातली. गाडी कलंडली, दगडाला घासत गेली आणि थांबली. दुसरी बाजू दरीची होती. चौघंही चालत घरी आलो, पण त्या आवाजानं मला कित्येक रात्री जाग आली आहे.

कारण साधं होतं. जिप्सीसारख्या गाडीत ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की थ्रॉटलची पाकळी बंद होते, सिलिंडर हवा ओढत राहतात आणि मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. बूस्टरची नळी तिथेच जोडलेली असते. जुन्या डिझेलमध्ये अशी पाकळीच नसते. हवा मोकळी येते, व्हॅक्यूम होत नाही. म्हणून डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. काही इंजिनांत तो हेडवर असतो, आणि पुष्कळ जुन्या इंजिनांत अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. जळका अल्टरनेटर काढला तेव्हा पंपही त्याच्याबरोबर गेला. नव्या अल्टरनेटरला पंप नव्हता. नळी कुठे जोडायची हे न कळल्यामुळे तिच्या तोंडात बोल्ट ठोकून ती बंद केलेली होती. त्या मिस्त्रीचा हात वाईट नव्हता. त्यानं आयुष्यभर पेट्रोलच्याच गाड्या केल्या होत्या.

म्हणून ज्यांच्या गाडीत इंजिन बदललेलं आहे त्यांनी आजच हे करा. गाडी सपाट जागेवर बंद करून उभी करा. ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा, म्हणजे ते कडक होईल. आता पाय पेडलवर तसाच दाबून ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, आणि ती गाडी घाटात तर राहू द्या, बाजारपेठेतही नेऊ नका.

बाकीच्या अडचणी एवढ्या जिवावरच्या नाहीत, पण खर्चाच्या आहेत, आणि त्या काम संपल्यावर एकेक करून बाहेर येतात. स्विफ्टचं इंजिन मूळ गाडीत आडवं बसतं. जिप्सीत ते उभं, मागे-पुढे बसवावं लागतं. म्हणजे बेल हाउसिंग वेगळं, स्टार्टरची जागा वेगळी, टर्बोचा आणि सायलेन्सरचा पाइप वेगळ्या वळणानं न्यायचा, आणि तो तेलाच्या नळीजवळून जाऊ द्यायचा नाही. फोर बाय फोर गाडीत पुढचा एक्सल इंजिनाच्या चेंबरखालीच असतो. उभ्या गाडीत त्यांच्यात बोटभर जागा दिसते. खड्ड्यात पाटे दबले की तीच जागा संपते आणि हाउसिंग चेंबरवर आपटतं. पहिल्याच ऑफरोडिंगला चेंबर फुटून ऑइल सांडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मग कोणी चेंबर कापतो, कोणी गाडीला लिफ्ट मारतो. लिफ्ट मारली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस खायला लागतात.

टॉर्क ही तर मोठीच गोष्ट. १०३ न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या गिअरबॉक्सवर १९० आले की काय होतं? रस्त्यावर बराच काळ काहीच होत नाही. पण लो गिअर टाकून, चाक खडकात अडकलेलं असताना, क्लच सोडला की ती ओढ ट्रान्सफर केसमधून आणखी वाढून क्राउन-पिनियनवर आणि एक्सलच्या दांड्यावर जाते. मोडतं ते तिथे. आणि मोडतं ते घरापासून चाळीस किलोमीटरवर, जिथे फोनला रेंज नसते. शिवाय डिझेलचे फेरे पेट्रोलइतके वर जात नाहीत. मूळ क्राउन रेशो तसाच ठेवला तर महामार्गावर इंजिन ओरडत राहतं आणि गाडी ऐंशीच्या पुढे जायला कुरकुरते. म्हणून कोणी क्राउन बदलतो. मग स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो.

जड इंजिनानं पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं. रेडिएटर मूळचाच ठेवला तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात गाडी गरम होते. डिझेलला टाकीकडे परत जाणारी दुसरी नळी लागते, पाणी वेगळं करणारा फिल्टर लागतो, स्टार्टरसाठी मोठी बॅटरी लागते. कॉमन रेल इंजिन असेल तर ईसीएम, वायरिंग, चावीचं इमोबिलायझर हे सगळं त्याच गाडीचं आणि एकाच जोडीचं हवं. नुसतं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून आणलं आणि वायरिंग कापून आणलं, तर ते शोभेचं लोखंड आहे. आणखी एक सांगतो, कारण हे बोलायचं राहून जातं: कॉमन रेलच्या पाइपात हजार बारहून जास्त दाब असू शकतो. गळती शोधायला चालू इंजिनावर हात फिरवू नका. ती धार कातडीखाली शिरते.

पाण्यातून गाडी घालणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. पेट्रोल इंजिन हवा साधारण नऊ-दहा पट दाबतं, जुनं डिझेल वीस पटीच्या आसपास. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर पेट्रोलचं इंजिन बहुधा बंद पडून वाचतं, डिझेलची कनेक्टिंग रॉड वाकते. एअर फिल्टरची जागा इंजिन बसवतानाच उंच धरायला हवी. ओढ्यात उतरल्यावर त्याचा विचार करून उपयोग नाही.

आता कायद्याचं. हे लोकांना सगळ्यात शेवटी आठवतं आणि सगळ्यात आधी पाहिलं पाहिजे.

मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही, ज्यामुळे आरसीतला तपशील कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. दुसऱ्या इंधनावर गाडी नेण्याची सोय त्याच कलमात आहे, पण ती मंजूर कन्व्हर्जन किट बसवून आणि नियमांत घातलेल्या अटी पाळून. सीएनजीचं मंजूर किट त्यात येतं. भंगार बाजारातून आणलेलं दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन त्यात बसवणं फार कठीण आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हे कलम काटेकोर वाचलं आणि मूळ तपशिलाविरुद्ध बदल केलेली गाडी नोंदवता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षी कायद्यातलं कलम १८२-अ नव्यानं लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडाची भीती मी तुम्हाला घालत नाही. पाच हजार भरून सुटता येईल, असं कोणीतरी तुम्हाला सांगेलच. खरी गाठ पुढे आहे. पीयूसी काढायला गेलात की तिथल्या संगणकावर तुमची गाडी पेट्रोलची दिसते. पेट्रोलची आणि डिझेलची तपासणी वेगळी असते, डिझेलमध्ये धुराचा दाटपणा मोजतात. विमा काढताना इंधन आणि इंजिनाची क्षमता लिहिलेली असते. पंधरा वर्षं झाली की गाडी पुन्हा पासिंगला न्यावी लागते, आणि तिथे इंजिन नंबर पाहिला जातो. तुमच्या गाडीखाली कोणी माणूस आला, तर विमा कंपनीला पैसे नाकारायला किंवा भरून नंतर तुमच्याकडून वसूल करायला जागा मिळते. अशी भरपाई लाखांत जाते. पंधरा-वीस एकराचं रान असलेल्या घरालाही ती पेलत नाही.

काही जण म्हणतात, गाडी फक्त शेतात चालवतो. कुंपणाच्या आतच राहिली तर गोष्ट वेगळी. पण कायद्यातली सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही वाट, मग पाणंद असो की गावरस्ता. आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. तिथे रस्ता सोडून गाडी घालायची नाही, इंजिन कुठलंही असो.

आपल्या नगरचीच एक गोष्ट इथे जोडून पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६वा नियम गाड्यांचे नमुने कोणत्या संस्थांनी तपासायचे हे सांगतो. त्या यादीत संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे, म्हणजे आपली वाहननगरची व्हीआरडीई. देशभरातल्या कंपन्या आपल्या गाड्या तपासायला आपल्या गावात घेऊन येतात. ही तपासणी कंपनीच्या किंवा किट बनवणाऱ्याच्या नमुन्याची असते, एकेका घरगुती गाडीची नाही. व्हीआरडीईच्या फाटकावरून रोज जाणाऱ्या माणसाला मी एवढंच म्हणेन की इंजिन आणि गाडी यांचं जुळतं की नाही हे ठरवायला एवढी मोठी जागा, एवढी यंत्रं आणि एवढे इंजिनिअर लागतात. आपल्या शेडमध्ये ते एका आठवड्यात ठरत नाही.

पैशाचा हिशेब मांडू. आकडे मी उदाहरणासाठी धरतो, तुम्ही तुमचे घाला. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२. पेट्रोलच्या गाडीला लिटरला १० किलोमीटर अॅव्हरेज, डिझेल केल्यावर १४. महिन्याला ३०० किलोमीटर फिरणं, म्हणजे हौसेची गाडी. पेट्रोलला ३,१५० रुपये लागतात, डिझेलला सुमारे १,९७०. महिन्याला वाचले ११८० रुपये, वर्षाला चौदा हजारांच्या आसपास. इंजिन, वायरिंग, प्लेट, रेडिएटर, मजुरी मिळून दीड लाख धरले तर ते वसूल व्हायला दहा वर्षांहून जास्त लागतात. तोवर गाडीचं वय किती होईल? महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे दोन वर्षांच्या थोडं पुढे वसूल होतात, हे खरं. पण रोज पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला तर कागद स्वच्छ असलेली, भरवशाची गाडीच हवी. त्यानं पेट्रोलची गाडी विकून कंपनीनंच डिझेलमध्ये बनवलेली गाडी घ्यावी. जुन्या महिंद्रा एमएम-५४०, ५५०, मेजर, २०१०नंतरच्या थार, गुरखा, अशा गाड्या आपल्या भागात मिळतात. त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात आणि त्यांच्या इंजिनाला हात लावणारा मिस्त्री प्रत्येक बाजाराच्या गावी आहे.

आणि जिला विकवत नाही अशी गाडी असेल, तर आहे ते पेट्रोल इंजिन बांधून घ्या. लोक ही वाट फार लवकर सोडतात. जिप्सी ओढत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत पुष्कळदा कॉम्प्रेशन गेलेलं असतं, वॉल्व्ह जळालेले असतात, रेडिएटर अर्धा बुजलेला असतो, नाहीतर मोठे टायर घातल्यामुळे मूळ गिअरिंगच बिघडलेलं असतं. रीबोअर, नवे रिंग-पिस्टन, हेडचं काम आणि मूळ मापाचे टायर, एवढ्यावर त्याच गाडीनं चढ ओढलेला मी पाहिला आहे. ब्लॉकच फुटला असेल तर त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन बिलासह आणा आणि आरटीओकडे अर्ज करून नंबर चढवून घ्या. हा रस्ता सरळ आहे.

जुनं इंजिन विकत घेताना बिल मागाच. ज्या गाडीचं इंजिन आहे तिचा नंबर, ती भंगारात काढल्याचा कागद, विकणाऱ्याची सही. स्वस्त मिळतं म्हणून कागदाशिवाय घेतलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, गुन्ह्यात येता. लष्कराच्या लिलावातली गाडी घेणाऱ्यांनी नमुना २१मधला विक्रीचा मूळ दाखला जपून ठेवावा. नोंदणीला तोच लागतो. त्या दाखल्यातलं इंजिन आणि गाडीतलं इंजिन एकच राहू द्या.

ज्यांनी बदल करून टाकला आहे त्यांना एक विनंती आहे. काढलेलं पेट्रोल इंजिन किलोवर विकू नका. शेडच्या कोपऱ्यात, प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल घालून, तोंडं बंद करून, ताडपत्रीखाली ठेवा. परत फिरायची वेळ आली तर तेवढं एकच साधन हातात असतं. गाडी विकणार असाल तर घेणाऱ्याला बदल स्पष्ट सांगा. तो त्या गाडीत आपली पोरं बसवणार आहे.

मिस्त्री बंधूंनो, तुमच्या हातात कसब आहे, आणि गिऱ्हाईक दारात आलं की नाही म्हणणं जड जातं हे मला कळतं. तरी परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय चेसिसला कटर लावू नका. कागद असेल आणि काम हाती घेतलंत, तर चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग मारू नका, माउंटिंग बाजूच्या उभ्या पाटावर बोल्टनं घ्या. व्हॅक्यूमच्या नळीचं तोंड बोल्टनं बुजवायची वेळ आली तर तिथेच थांबा. टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात ‘डिझेल’ लिहा, कारण पंपावरचा पोरगा जिप्सी पाहून पेट्रोलच भरणार. आणि बिलावर इंजिन नंबर लिहा.

तो नंबर कुठे असतो हे बऱ्याच मालकांनी कधी पाहिलेलंच नसतं. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, ब्लॉकवर गिअरबॉक्सच्या बाजूला किंवा हेडच्या सांध्याजवळ एक सपाट, घासलेली पट्टी शोधा. तिच्यावर तेलमातीचा थर असतो. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं तो पुसा, टॉर्च तिरपा धरा, म्हणजे कोरलेले आकडे उठून दिसतील. मग आरसी बुक शेजारी धरून एकेक आकडा मोठ्यानं वाचा. सोबत दुसरा माणूस घ्या, तीन आणि आठ यांची फार गल्लत होते.